गोंडी शिकायची हौस कुठे विरते

कुरखेड्याला बदली होऊन आलेल्या माणसाकडे बहुधा एक वही असते. शिक्षक असो, ग्रामसेवक असो की उपकेंद्रातली सिस्टर, वहीच्या पहिल्या पानावर उंदी, रंड, मूंद, नालूंग, सैयुंग असे एक ते पाच आकडे लिहिलेले असतात. त्याखाली ताप, पोट, पाणी, शाळा यांचे गोंडी शब्द. दुसरं पान अर्ध्यावर थांबतं आणि तिसऱ्या पानावर लाइटबिलाचा हिशेब सुरू होतो.

पुढे त्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ‘वेळच मिळत नाही हो.’ आजूबाजूचे म्हणतात, आळशी आहे. कुणी म्हणतं, भाषेला डोकं वेगळं लागतं. मला ही तिन्ही कारणं वरवरची वाटतात. हौस विरते ती एका ठरावीक क्रमाने, आणि हा क्रम कुरखेड्यात जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्यातल्या जर्मनच्या वर्गातही दिसत नाही.

आधी गाव समजून घेऊ. कुरखेडा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी. जवळचं रेल्वे स्टेशन वडसा. पुढे कोरची आणि त्यापलीकडे छत्तीसगड. त्यामुळे आठवडी बाजारात झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी एकमेकींत मिसळून कानावर पडतात. साताऱ्याहून किंवा लातूरहून आलेल्या माणसाला आधी इथली मराठीच उमजून घ्यावी लागते, कारण झाडीबोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत आणि डोळ्याचा डोरा होतो. गोंडी त्याच्या पुढची पायरी. ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. २०११च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती अजून नाही.

सुरुवातीचे दिवस छान जातात, आणि त्याचं कारण हिशेबी आहे. कुठल्याही भाषेत थोडेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे हजारो क्वचित. पहिले शे-दीडशे शब्द शिकलात की ते दिवसातून दहादा भेटतात. ‘जोहार’ म्हटलं की समोरचा हसून जोहार करतो. शब्द शिकला आणि लगेच वापरला गेला, याच्यासारखं सुख नाही. पुढचे दीडशे शब्द मात्र आठवड्यातून एकदा भेटतात आणि त्यापुढचे महिन्यातून. मेहनत तेवढीच, मोबदला कमी कमी होत जातो. शिकणाऱ्याला वाटतं आपली बुद्धी मंदावली. वास्तविक तो भाषेच्या विरळ भागात शिरलेला असतो.

इथे त्यात ऋतूची भर पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा. मोहफुलं वेचणं, वाळवणं, टोपलीत भरणं याचे गोंडी शब्द मार्च-एप्रिलमध्ये कानावर आदळतात आणि नंतर दहा महिने गायब होतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक वेळाने किती उरले ते मोजायचे. बराचसा भाग पहिल्या दिवसातच निसटतो आणि नंतर गळतीचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. उजळणी लांबत्या अंतराने केली की शब्द जास्त टिकतात, हेही पुढे अनेकांनी पडताळून पाहिलं. पुढच्या एप्रिलची वाट बघत बसणारी उजळणी मात्र कुणाच्याच कामाची नाही. म्हणून मला अकारविल्हे यादीपेक्षा ऋतूवार वही बरी वाटते: फेब्रुवारीच्या शेवटी मोहाचं पान काढायचं, जूनमध्ये बांधी (धानाचं शेत), पऱ्हे (रोपं) आणि रोवण्याचं.

व्याकरणाचा अडथळा लोक सांगतात तेवढा मोठा नाही. मराठीची तीन लिंगं सांभाळणाऱ्याला गोंडीतली दोन जड जाऊ नयेत. पुरुष एका बाजूला आणि बायका, जनावरं, वस्तू सगळ्या दुसऱ्या बाजूला. (यावरून कुणी वाद घालू नये, मराठीतही ‘ते पोर’ नपुंसकच आहे.) क्रियापदाला मात्र काळाचे आणि पुरुषाचे प्रत्यय एकापुढे एक लागत जातात, आणि शब्दांची यादी पाठ करणारा नेमका तिथे अडतो. शब्द शंभर येतात आणि वाक्य एकही येत नाही. म्हणून सुटा शब्द लिहून न घेता ‘पोट दुखते का’ असं अख्खं वाक्य लिहून घ्यावं. कापाकापी नंतर करता येते.

खरी गळती याच्या पुढे आहे. समजा, उपकेंद्राच्या ओसरीवर गरोदर बायांची रांग लागली आहे. सिस्टरने रात्री घोकलेलं वाक्य उच्चारलं. समोरची बाई क्षणभर थांबली, तोंडाला पदर लावून हसली आणि मराठीत म्हणाली, ‘नाही मॅडम, पोट नाही दुखत, पाय सुजतेत.’ झालं. सिस्टरही मराठीवर आली, कारण मागे पंधरा जणी उभ्या आहेत आणि बीपी घ्यायचा आहे. दोघींनीही शहाणपणाचंच केलं. बाईने पाहुणीला अडचणीतून सोडवलं, शिवाय कचेरीत आणि शाळेत गोंडी बोललं की लोक कसे बघतात याचा अनुभव तिच्या गाठीशी आहेच. सिस्टरने रांग सांभाळली. पण असं रोज घडलं की मन आपोआप एक धडा घेतं: हे वाक्य बोललो काय, न बोललो काय, काम तर होतंच. हौस मारायला अपयशाची गरज नसते, एवढी सोय पुरते.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भामरागड तालुक्यात हेमलकशाला, १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हा ही सोय नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासमोर येणाऱ्या माडिया गोंडांना मराठी कळत नव्हती आणि या दोघांना त्यांची माडिया बोली. शब्द विचारत, टिपत, चुकत त्यांनी ती भाषा आत्मसात केली. त्यांची जिद्द मोठी होती हे खरंच, पण परतीची वाट बंद होती हेही तितकंच खरं. कुरखेड्यात ती वाट सताड उघडी असते, म्हणून इथे गोंडी शिकणं एका अर्थी जास्त अवघड आहे.

कॅनडातले रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९मध्ये भाषा शिकण्यामागच्या प्रेरणांची जी फोड केली ती इथे उपयोगी पडते. एक प्रेरणा कामापुरती असते: नोकरी, परीक्षा, पगार. दुसरी त्या माणसांत मिसळून जाण्याची. कुरखेड्यात कामापुरती प्रेरणा मराठीनेच भागते. उरली मिसळण्याची, आणि तिला बदलीचं ग्रहण लागतं. आदिवासी भागातल्या नोकरीसाठी मिळणाऱ्या एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ घेत तीन वर्षं काढायची आणि विनंती अर्ज टाकायचा, असं मनात धरून आलेला माणूस मिसळणार तरी किती?

शिवाय आपण कुठवर आलो, हे गोंडीत कळत नाही. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकणारी मुलंही कंटाळतात, पण त्यांच्यापुढे ए-वन, ए-टू, बी-वन अशी शिडी आहे. कुठल्या पायरीवर अडकलो हे त्यांना सांगता येतं. गोंडीची अशी शिडी रूढ नाही. पुस्तकातली गोंडी आदिलाबादकडची निघते आणि गावातली आजी ती ऐकून म्हणते, ‘आमच्याकडं असं नाही बोलत.’ वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून तयार केलेला प्रमाण शब्दकोश २०१८मध्ये पुढे आला, पण ओसरीवरच्या वाक्याला त्याचा टेकू पुरत नाही. तेव्हा पायऱ्या आपणच पाडाव्यात आणि त्या कामाच्या असाव्यात: बाजारात भाव समजला, आजीची तक्रार दुभाष्याशिवाय कळली, ग्रामसभेत भांडण कशावरून चाललंय ते उमगलं. ही शेवटची पायरी फार वरची आहे. तिथे पोचायला वर्ष लागलं तरी वाईट वाटून घेऊ नये.

याच गळतीची उलटी बाजू पहिलीच्या वर्गात दिसते. घरी फक्त गोंडी ऐकलेली मुलगी शाळेत येते तेव्हा तिच्यासाठी कुणी भाषा बदलत नाही. राज्यघटनेत १९५६ साली आलेलं ३५०-अ कलम अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. वर्गात मात्र मराठीचं पुस्तक असतं. मुलगी गप्प बसते आणि तिच्या नावापुढे ‘अभ्यासात रस नाही’ असा शेरा पडतो. गुरुजींना मोठ्यांचं गोंडी संभाषण जमलं नाही तरी चालेल. ‘पाणी प्यायचंय का’, ‘पुन्हा सांगू का’ एवढं तिच्या भाषेत विचारता आलं तरी ती तोंड उघडू लागते.

मग ओसरीवरच्या सिस्टरने करायचं काय? बाई मराठीत उत्तर देते त्याचा राग मानू नये आणि तिला गोंडीत बोलायचा आग्रहही करू नये. तिने मराठीत बोलावं, आपण गोंडीत. एका गप्पेत दोन भाषा चालतात. कुरखेड्याच्या बाजारात रोज चालतात, छत्तीसगढीत भाव विचारतात आणि झाडीबोलीत उत्तर मिळतं. रांगेच्या वेळी मात्र मराठीच बरी, तिथे सराव करू नये. सराव दुपारी, लसीकरण आटोपल्यावर, आशाताईबरोबर किंवा जिला मराठी फारशी येत नाही अशा एखाद्या आजीच्या अंगणात करावा. आजीला घाई नसते, ती चूक सुधारते आणि भाषा बदलून आपल्याला सोडवायला जात नाही. पोरं तर त्याहून चांगली, ती चुकीचा उच्चार दहादा म्हणून दाखवतात आणि खदखदून हसतात. त्या हसण्याने ओशाळून गप्प बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण पोरं हसतात ती वाक्य समजलं म्हणूनच. न समजलेल्या वाक्यावर ती नुसती बघत राहतात.