युद्धकैद्यांचे कपडे : अक्षरांपेक्षा शिवण जास्त सांगते

युद्धकैदी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा येतो. हे पट्टे नाझी छळछावण्यांतल्या बंदिवानांच्या अंगावर असत. ज्यू, रोमा, हिटलरचे राजकीय विरोधक अशा लोकांना ते घालायला लावले जात. रणांगणावर पकडलेला ब्रिटिश किंवा फ्रेंच सैनिक मात्र जर्मनीतल्या युद्धकैदी छावणीत सहसा स्वतःच्याच गणवेशात राहायचा. तो विरला की रेडक्रॉसमार्फत नवा यायचा, नाहीतर जर्मनांनी दुसऱ्या सैन्यांकडून जप्त केलेले कपडे वाट्याला यायचे. ब्रिटिश सैनिकाच्या अंगावर फ्रेंच कोट आणि पोलिश विजार असणं तिथे नवलाचं नव्हतं. वरपासून खालपर्यंत नीट जुळणारा ‘कैद्याचा पोशाख’ विकायला आला, तर म्हणूनच आधी शंका घ्यावी.

कैद्याच्या अंगावरचे सगळे बिल्ले काढून घेतले जात, हाही असाच पसरलेला समज. 1929 च्या जिनिव्हा करारानुसार हुद्द्याची चिन्हं आणि पदकं कैद्याकडेच राहायला हवी होती आणि त्याला कपडे, बूट पुरवण्याची जबाबदारी पकडणाऱ्या देशावर होती. आठवण म्हणून बिल्ले उपटून नेणारे सैनिक सगळ्याच बाजूंना होते, पण तो नियम नव्हता, नियमभंग होता. सोव्हिएत कैद्यांच्या बाबतीत तर कराराचा मुलाहिजाच ठेवला गेला नाही. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे 57 लाख सोव्हिएत सैनिकांपैकी 33 लाखांच्या आसपास मेले, त्यातले कितीतरी भुकेने आणि थंडीने. पाठीवर ‘एसयू’ (सोव्हिएत युनियन) रंगवलेल्या त्यांच्या कोटाकडे केवळ दुर्मीळ वस्तू म्हणून पाहणं मला जमत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज अमेरिकेतल्या कपड्यांबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे सव्वाचार लाख युद्धकैदी होते, बहुतेक जर्मन, त्याखालोखाल इटालियन. त्यांच्या कामाच्या कपड्यांवर ‘पीडब्ल्यू’ (प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी) ही अक्षरं साच्याने रंगवलेली असत. अक्षरं दिसली की कपडा अस्सल, असं ग्राहक धरून चालतात. प्रत्यक्षात अक्षरं हाच नकलेचा सर्वांत सोपा भाग आहे. त्या काळातला साधा अमेरिकन लष्करी सदरा स्वस्तात मिळतो. एक साचा आणि रंगाचा डबा जवळ असला की त्याची किंमत कितीतरी पट वाढवता येते.

त्यामुळे अक्षरं सोडून कापड पाहावं. अमेरिकन लष्करी कपड्यांच्या आतल्या पट्टीवर पुष्कळदा कंत्राटाची तारीख असते. ती 1950 ची असेल तर प्रश्नच मिटला. मूळची म्हणून दाखवलेली शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची असेल तरीही तेच, कारण पॉलिएस्टर बाजारात आलं ते युद्धानंतर. मग रंग आणि झीज एकमेकांशी ताडून बघा. कपडा वापरात असताना रंगवलेलं अक्षर कापडाबरोबरच झिजतं, घडीवर तडकतं, धुण्यात फिकं पडतं. रंग जर विरलेल्या धाग्यांवर आणि जुन्या रफूवर सलग बसलेला असेल, तर कापड जुनं आणि अक्षर अलीकडचं. उलट, अक्षर नाही म्हणून कपडा खोटा असंही ठरत नाही. अधिकाऱ्यांवर कामाची सक्ती नव्हती आणि त्यांना स्वतःचा गणवेश घालता येत असे.

अक्षरांची पद्धतही सगळीकडे नव्हती. ब्रिटनमध्ये कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत ठिगळं असत. कॅनडात सदऱ्याच्या पाठीवर मोठं लाल वर्तुळ असे, आणि ते नुसतं वर लावलेलं नसे. आधी कापडाला भोक पाडून त्यात ते शिवलेलं असे. पळून जाणाऱ्याने ते उसवलं तर पाठीला भगदाड. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ब्रिटिश कैद्यांच्या बाह्यांमध्ये तपकिरी पट्टा बसवला तो याच युक्तीने. तेव्हा असा कपडा समोर आला की तो उलटा करा. ठिगळाखाली कापड अखंड असेल तर विकणाऱ्याला प्रश्न विचारायला हवेत.

‘फ्रायेस इंडिएन’ (स्वतंत्र भारत) लिहिलेलं, झेपावणाऱ्या वाघाचं बाहीचिन्ह कधीकधी भारतीय युद्धकैद्याचं म्हणून विकलं जातं. ते नेताजींच्या प्रेरणेने जर्मनीत उभ्या राहिलेल्या सैन्यदलाचं आहे. त्यातले बरेच जवान कैदी छावण्यांतून आले होते हे खरं, पण ते चिन्ह अंगावर चढलं ते सैनिक म्हणून. त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत.

आणि गणवेशच हवा, हा हट्ट कशाला? सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर जपान्यांनी दोस्त राष्ट्रांचे साठ हजारांहून अधिक युद्धकैदी राबवले, बारा हजारांच्या वर तिथेच मेले. दमट जंगलात कपडे कुजून गेल्यावर अनेकांच्या अंगावर उरला तो फक्त लंगोट. कापडाची ती पट्टी आज संग्रहालयात जपून ठेवावी लागते, कारण तोही त्या कैद्यांचा पोशाखच होता.

मराठी घरांशीही या गोष्टीचा संबंध आहे. 21 जून 1942 रोजी लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती आणि तिचे जवान कैदेत गेले. एखाद्या घरच्या ट्रंकेत पणजोबांचा लोकरी कोट किंवा छावणीचा क्रमांक ठोकलेला धातूचा बिल्ला आजही असेल. तो कोट धुऊ नका, इस्त्री करू नका. भोकं बुजवू नका, कारण वेडंवाकडं रफू कदाचित त्यांनीच छावणीत बसून केलेलं असेल. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून उघडून कसर लागली नाही ना ते बघा. आणि घरातलं कुणी जाणतं माणूस असेपर्यंत त्यांचं नाव, गाव, पलटण, लष्करी क्रमांक हे सगळं कागदावर लिहून कोटासोबत ठेवा.