सहकुटुंब, सहपरिवार आणि मोत्या

लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब, सहपरिवार येण्याचे करावे’ असे छापलेले असते, तेव्हा त्या परिवारात नेमके कोण कोण येते, याचा खुलासा कोणी मागत नाही. ज्याने त्याने आपापल्या घराकडे पाहून समजायचे. पण सुटीत चार दिवस हवापालटासाठी कुठे जायचे ठरवून तिथल्या विश्रामगृहाला फोन केला, की हा खुलासा पहिल्याच मिनिटाला द्यावा लागतो. माणसे किती, मुले किती, मुलांची वये काय, इथवर सारे सुरळीत चालते. मग आपण जरा घुटमळत विचारतो, “आणि... कुत्रा चालेल का?” पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक दिवस माझी गणना होईल, असे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. मी नऊ वर्षांची असताना आजोळी, वाईला, एका कुत्र्याने माझी पोटरी धरली. त्या काळी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्यांवर भागते. पण माझ्या वाट्याला चौदाच्या चौदा आली. रोज सकाळी आजोबांचे बोट धरून मी सरकारी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसत असे आणि आतून दुसऱ्या एखाद्या पोराचे रडणे ऐकत असे. त्या चौदा सकाळींनी कुत्रा या प्राण्याविषयी माझे जे मत बनवले, ते पुढे एम. ए. होऊनही बदलले नाही.

तेव्हा ज्यांना शेजारच्या टेबलाखाली कुत्रा नको असतो, त्यांची वकिली करायला मी आजही तयार आहे. “आमचा काही करत नाही हो!” असे मालक हसत हसत सांगतो ना, त्या वाक्याइतके निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरे नसेल. तो काही करत नाही हे मालकाला ठाऊक, कुत्र्याला ठाऊक. मला कसे ठाऊक असणार?

तर अशा माझ्या घरी २०२० च्या टाळेबंदीत मोत्या आला. चिरंजिवांनी गल्लीतले एक भिजलेले, थरथरणारे पिल्लू सदऱ्यात गुंडाळून आणले. ‘पाऊस थांबेपर्यंत’ अशी बोली होती. पाऊस थांबला, टाळेबंदी उठली, मोत्या राहिला. सर्वांत जोराचा विरोध सासूबाईंचा होता. “देवघराकडे फिरकला तर बघा,” असे त्यांनी बजावले होते. मोत्याने तो नियम आजतागायत मोडलेला नाही. तो देवघराच्या उंबऱ्याशी बसतो आणि पूजा संपवून सासूबाई उठल्या की त्यांच्यामागून स्वयंपाकघरात जातो. त्याची भाकरी त्या स्वतः कुस्करतात. दुसऱ्या कोणी कुस्करली तर ‘मोठे तुकडे राहतात.’

कुत्रा घरात आला की सहलीचे गणित बदलते, हे आमच्या ध्यानात हळूहळू आले. २०२२ साली आम्ही गणपतीपुळ्याला निघालो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी राहते मोत्याजवळ. तुम्ही जाऊन या.” पुढच्या मे महिन्यात नणंदेकडे बंगळूरला गेलो, तेव्हाही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आम्हालाही ते सोयीचे होते, हे कबूल केले पाहिजे. मधे एकदा शहरातल्या एका श्वान-वसतिगृहात त्याला तीन दिवस ठेवून पाहिले. हो, अशी वसतिगृहे आता निघाली आहेत, आणि आमच्या कॉलेजच्या वसतिगृहापेक्षा तिथली शिस्त बरी आहे. पण मोत्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. तो प्रयोग तिथेच संपला.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये एका संध्याकाळी, शेंगा सोलता सोलता, सासूबाई सहज म्हणाल्या, “समुद्र बघून अठरा वर्षं झाली गं.”

तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसे सांगितले. मला मात्र त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली. विश्रामगृहाच्या दारावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागते, तेव्हा कुत्र्याचे फारसे काही बिघडत नाही. त्याला समुद्र पाहायचा नसतो. ती पाटी घरातल्या कुठल्या तरी माणसाला लागू होते, आणि बहुधा ते माणूस दर वेळी तेच असते: म्हातारी आई, लग्न न झालेली आत्या, ‘मला काय, मी घरीच बरी’ म्हणणारे कोणीतरी. अमेरिकेत अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याला हॉटेलवाल्याला नाकारता येत नाही. १९९० च्या कायद्यानेच तशी सोय करून ठेवली आहे. तिथे कुत्रा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे, हे सरळ दिसते. आमच्यासारख्यांच्या घरी ते दिसत नाही, इतकेच.

त्या मे महिन्यात आम्ही सगळ्यांनी मिळून कोकणात जायचे ठरवले. एका विश्रामगृहाला फोन केला. “चालेल की! या बिनधास्त,” असे उत्तर आले. आनंदीआनंद झाला. साताऱ्याहून पहाटे निघालो. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर मोत्याला दोनदा उलटी झाली, सासूबाईंना एकदा. दुपारी चारच्या उन्हात फाटकाशी पोचलो. आतून व्यवस्थापक आला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, “कुत्रा आहे का? मालक आता नको म्हणतात.”

फोनवर ‘चालेल’ म्हणणारा मुलगा त्या दिवशी सुटीवर होता. आमचे यजमान चढ्या आवाजात बोलू लागले, व्यवस्थापकही बोलू लागला. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही जा आत. मी बसते गाडीत मोत्यापाशी.” चार दिवस! बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. त्या गाडीत कुत्र्याला ठेवता आले नसते आणि शहात्तर वर्षांच्या बाईंनाही नाही. शेवटी गावातल्या एका काकूंनी आपली पडवी मोकळी करून दिली. माड, डास आणि रात्रभर समुद्राचा आवाज. दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाईंना समुद्र दाखवला आणि परतलो.

एवढे झाल्यावर त्या विश्रामगृहाला चार शिव्या हासडून लेख संपवणे सोपे होते. पण अनामत परत घ्यायला मी तिथे पुन्हा गेले, तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अशी, की भोजनगृहातल्या टेबलांखाली गावातली तीन भटकी कुत्री पाहुण्यांच्या माशांचे काटे चघळत निवांत पडली होती. लशीचा दाखला असलेला मोत्या फाटकाबाहेर आणि दाखल्यावाचूनचे तिघे आत! माणसाला होणाऱ्या रेबीजच्या शंभरातल्या जवळजवळ नव्याण्णव घटनांचे मूळ कुत्र्याच्या चाव्यात असते, आणि लक्षणे एकदा दिसली की तो रोगी बहुधा वाचत नाही. रेबीजची भीती मी तरी कधी हसण्यावारी नेणार नाही. पण ती भीती कुठल्या कुत्र्याची बाळगायची, याचा विचार मालकांनी केलेला दिसला नाही.

दुसरी गोष्ट मला गप्प करणारी होती. झाडलोट करणारी एक बाई पायरीवर बसली होती. तिने आपण होऊन सांगितले, “बाई, कुत्र्याचा राग नाय हो. मागच्या आठवड्यात पावणे आलेले, मोठा केसाळ कुत्रा घेऊन. गादीवर घाण करून ठेवलेली. सांगितलंन् पण नाय, दार ओढून गेले. ती गादी मी धुतलंय.” यावर मी काय बोलणार? मालकाचे नुकसान झाले ते गादीचे. पण कुत्र्यांना परवानगी देताना किंवा नाकारताना या बाईला कोणी विचारत नाही. आणि ते पाहुणे कोण होते ते मी चांगले ओळखते. ते ‘आमचा काही करत नाही हो’ वाले होते. बंदी आमच्यावर आली ती त्यांच्यामुळे.

वर्गात महाभारत शिकवताना मी एक गोष्ट आवर्जून दाखवते. त्या प्रचंड ग्रंथाच्या सुरुवातीला एक कुत्रा आहे आणि शेवटी एक. सुरुवातीला जनमेजयाच्या यज्ञमंडपात देवांच्या सरमा कुत्रीचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते; तरी राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात, आणि निरपराध पोराला मारले म्हणून सरमा त्यांना शाप देते. शेवटी स्वर्गाच्या दाराशी युधिष्ठिर उभा असतो आणि त्याच्या पायाशी वाटभर सोबत आलेला कुत्रा. इंद्र म्हणतो, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणतो, मग मलाही नको. मी हे मोठ्या तन्मयतेने सांगत होते, तर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, त्यानं इंद्राला आधी कळवलं होतं का?”

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येताना वाटले, पोराने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. कुत्रा घ्यावा की न घ्यावा हा तंटा स्वर्गाच्या दाराशी, थकून पोचल्यावर का व्हावा?

या बाबतीत आपली रेल्वे, एरवी तिला आपण कितीही नावे ठेवोत, शहाणी आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार जणांचा अख्खा कप्पा आपल्या नावावर घ्या, आणि कुत्रा खुशाल जवळ ठेवा. तेवढे पैसे नसतील तर गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, तिथे त्याचे वेगळे भाडे भरा. शयनयानात, खुर्चीयानात, दुसऱ्या-तिसऱ्या वातानुकूलित वर्गात मात्र आणायचा नाही. गार्डाच्या डब्यातली ती पेटी काही सुखाची नव्हे. मी तरी मोत्याला तीत घालणार नाही. पण नियम छापलेला आहे, सर्वांना सारखा आहे आणि घरून निघण्यापूर्वी कळतो. त्यात सहप्रवाशाच्या भीतीचाही मान राखलेला आहे.

विश्रामगृहांनी हेच करावे असे मला वाटते. दहा खोल्यांपैकी दोन खोल्या एका बाजूला, जमिनीलगत, गालिचा नसलेल्या, कुत्रेवाल्यांसाठी राखाव्यात. दमेकऱ्याला त्रास होतो तो कुत्र्याच्या कातडीचा कोंडा आणि लाळ यांतल्या द्रव्यांचा, आणि कुत्रा गेल्यावरही तो अंश गादी-गालिच्यांत कित्येक आठवडे टिकतो. तेव्हा आज कुत्रा आणि उद्या दमेकरी अशी एकाच खोलीची वाटणी करून भागणार नाही. भोजनगृहात कुत्रा नको म्हणजे नको. बाहेर साखळी हवीच. रेबीजच्या लशीचा दाखला पाहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. सफाईचे जादा पैसे घ्यावेत, आणि ते सफाई करणाऱ्या हातात पडावेत. ज्या छोट्या जागेत हे जमणार नाही, तिने सरळ ‘नाही’ म्हणावे. त्या नाहीचा मला मुळीच राग येणार नाही. माझ्यासारखी चौदा सुया खाल्लेली पोरे कुठेतरी निर्धास्त बसायला हवीतच.

आणि काही ठिकाणी मालक कितीही ‘या’ म्हणाला तरी आपणच नेऊ नये. मंडणगड तालुक्यातले वेळास, दापोलीकडचे आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी वाळूत अंडी घालून जातात. कुत्री आणि कोल्ही ती घरटी उकरतात, म्हणून तिथले लोक अंडी उचलून कुंपणात आणून जपतात. तिथे मोकळा सोडलेला लाडका कुत्रा म्हणजे लाडका दरोडेखोर. जंगलालगतच्या विश्रामगृहांचेही तेच. २०१८ मध्ये गीरच्या रानात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले. त्यांतल्या काहींत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले. आपल्या घरच्या प्राण्याने रानात काय नेऊन ठेवले, हे आपल्याला सहल संपल्यावरही कळत नाही.

माथेरानला तर मी मोत्याला मुळीच नेणार नाही. तिथे मोटारींना बंदी, वाटेवर पावलोपावली घोडे. मोत्या घोड्यावर भुंकला, घोडा बुजला आणि पाठीवर एखादी नऊ वर्षांची मुलगी असली तर?

असो. या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा कोकणात निघालो आहोत. या वेळी फोनवर मालकीणबाईंनी माझीच उलटतपासणी घेतली. लस कधी टोचली, दाखल्याचा फोटो पाठवा, रात्री एकटा राहिला तर रडतो का, अंथरूण घरून आणाल ना, घाण केली तर कोण काढणार? शेवटच्या प्रश्नाला मी “मी काढीन” म्हटले, तेव्हा त्यांनी तारीख लिहून घेतली. सासूबाईंनी मोत्याच्या अंथरुणासाठी आपले एक जुने नऊवारी चार पदरी शिवून ठेवले आहे. त्याच्या लशीचा दाखला त्यांनी माझ्याकडून मागून घेतला, आणि स्वतःच्या आधारकार्डाशेजारी बटव्यात घडी करून ठेवला.