आजारी आणि अक्षम : मनोविकाराच्या रजेतील अर्थव्यवहार

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याची मिळकत घटते आणि खर्च वाढतो, ही गोष्ट सर्वच आजारांना लागू आहे. मनोविकाराच्या बाबतीत मात्र आणखी एक अडचण उभी राहते. ज्या बुद्धीने या मिळकतीचा आणि खर्चाचा मेळ घालावयाचा, तिच्यावरच आजाराचे सावट पडलेले असते. पाय मोडलेला कारकून अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब लिहू शकतो. तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या कारकुनास बँकेचे आलेले पाकीट फोडणेही जड जाते, आणि उन्मादाच्या अवस्थेत तर हाती असलेला पैसा उधळला जाण्याचा संभव असतो. यावरून समाज लगेच निष्कर्ष काढतो : ज्याचे मन आजारी, तो व्यवहारास अक्षम. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले, की त्याची किंमत रुग्णास पैशांत मोजावी लागते. ती कशी, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा घोटाळा केवळ लोकव्यवहारातला नव्हे. कायद्याच्या भाषेतही तो दीर्घकाळ नांदत होता. १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’मध्ये ‘ल्यूनॅटिक’ या एकाच शब्दाखाली रुग्णता आणि बुद्धीची विकलता ही दोन्ही एकत्र बांधलेली होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने तो शब्द टाकून दिला. त्यानंतर आलेला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. एखाद्यास मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले पाहिजे, असे या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कायद्याने आता ‘आजारी’ आणि ‘अक्षम’ या शब्दांची फारकत केली आहे. बोलीतील ‘वेडा’ या शब्दाने ती अद्याप केलेली नाही.

या शब्दाच्या भीतीचा पहिला आर्थिक परिणाम रजेच्या अर्जात दिसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांचे उदाहरण घेता येईल. या नियमांनुसार कर्मचाऱ्यास दरवर्षी २० दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास तिचे परिवर्तन करून पूर्ण वेतनाची परिवर्तित रजा घेता येते. मात्र अशा रजेच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. ज्याच्या खाती अशी ३०० दिवसांची रजा शिल्लक आहे, त्यास आजारपणाचे १५० दिवस पूर्ण वेतनावर काढता येतात. परंतु प्रमाणपत्रावर मनोविकाराचे नाव येणार, या धास्तीने पुष्कळदा ‘घरगुती कारण’ असे लिहून अर्जित रजा मागितली जाते. अर्जित रजेचे वेतनही पूर्णच असल्यामुळे आज तोटा जाणवत नाही. तो निवृत्तीच्या दिवशी जाणवतो. कारण शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होते, परिवर्तित रजेचे होत नाही. लपविलेल्या शब्दाची ही किंमत होय. दोन्ही प्रकारच्या रजा संपल्या म्हणजे अखेरीस बिनपगारी असाधारण रजा उरते. म्हणून कोणती रजा आधी खर्चावी हा क्रम प्रारंभीच ठरविणे अगत्याचे असते.

कारखान्यातील कामगाराची स्थिती निराळी आहे. तेथे आधार असतो तो कर्मचारी राज्य विमा योजनेचा. १९४८ च्या अधिनियमाने उभी केलेली ही योजना पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आली. अंशदानाच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास विमेदारास आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. दैनिक सरासरी ६०० रुपये धरल्यास ही रक्कम रोजची ४२० रुपये, आणि ९१ दिवसांची ३८,२२० रुपये होते. यापुढे विस्तारित आजारपण लाभ आहे. ठरावीक दीर्घकालीन आजारांसाठी तो ८० टक्के दराने, म्हणजे वरील उदाहरणात रोज ४८० रुपयांप्रमाणे मिळतो, आणि त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. त्यासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांचे अंशदान लागते. या आजारांच्या यादीत मनोविकृतींचा, म्हणजे सायकोसिसचा, समावेश आहे. संकोचापोटी प्रमाणपत्रावर ‘अशक्तपणा’ अथवा ‘निद्रानाश’ असा सौम्य शब्द लिहवून घेतला, तर ९१ दिवसांनंतर हा मार्ग बंद होतो. येथे रोगनिदानाचा शब्द हा केवळ वर्णनाचा शब्द नसतो. तो हक्काचा आधार असतो.

आरोग्य विम्याविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करावी, असे २०१७ च्या अधिनियमाचे २१ वे कलम सांगते. परंतु असा विमा उपचारांच्या खर्चाचा असतो. बुडालेल्या पगाराची भरपाई तो करीत नाही. घराचे भाडे, वाण्याचे बिल आणि कर्जाचा हप्ता यांची तजवीज वेगळीच करावी लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल : रुग्णास खरोखरच काही काळ व्यवहार पाहणे शक्य नसेल, तर ते कोणी पाहावेत? कुटुंबांत याविषयी दोन ठाम पण चुकीच्या समजुती आढळतात. नामनिर्देशित प्रतिनिधीस पैशाचेही अधिकार मिळतात, ही पहिली. वस्तुतः २०१७ च्या अधिनियमातील हा प्रतिनिधी उपचारांसंबंधीच्या निर्णयापुरता असतो; बँकेच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे काळजी मिटली, ही दुसरी समजूत. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या २०१ व्या कलमानुसार मालक मनोविकल झाला असता मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी कागद करावा, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

तथापि त्याच अधिनियमाचे १२ वे कलम दिलासा देणारे आहे. करार करतेवेळी जो त्याचा अर्थ समजू शकतो आणि आपल्या हिताहिताचा विवेक करू शकतो, त्याचे मन त्या कराराच्या दृष्टीने शाबूत होय. एरवी विकल असणारा मनुष्यही शुद्धीच्या काळात करार करू शकतो. येथे सक्षमता हा मनुष्याचा कायमचा गुण मानलेला नसून विशिष्ट वेळेचा आणि विशिष्ट व्यवहाराचा धर्म मानलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हाही याच दिशेने जातो. आपले आर्थिक व्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क त्याच्या १३ व्या कलमाने मान्य केला असून, ज्या व्यवहारात साहाय्यकर्त्याचे हितसंबंध आड येतात त्या व्यवहारापुरते त्याने बाजूस राहावे, असेही सांगितले आहे. शेतजमिनीच्या वा घराच्या कागदावर रुग्णाची सही घेण्यास निघालेल्या आप्तांनी हे वाक्य ध्यानात ठेवणे बरे.

या विवेचनातून व्यवहाराचा एक सोपा क्रम निघतो. बरे वाटत असताना, विश्वासातील एका व्यक्तीसह घरखर्चापुरते संयुक्त खाते उघडावे, आणि भाडे, वीजबिल व औषधे यांचे पैसे त्यातून जातील अशी व्यवस्था करावी. उरलेली बचत मुदत ठेवीत निराळी ठेवावी. उन्मादाचे झटके ज्यास येतात त्याने खर्चाची दैनिक मर्यादा स्वतःच बँकेकडून कमी करून घ्यावी. ती दुसऱ्याने लादल्यास अपमान वाटतो, स्वतः घातल्यास ती शिस्त ठरते. कर्जाचा हप्ता थकण्यापूर्वी बँकेस लेखी कळवावे; थकल्यानंतरच्या पत्रास तेवढे वजन राहत नाही. खर्चाला कात्री लावताना औषधांना हात लावू नये. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. खाजगी उपचार परवडेनासे झाले तर उपचारच सोडून देण्यापेक्षा तेथे जाणे केव्हाही श्रेयस्कर. घर, जमीन किंवा नोकरीचा राजीनामा यांसंबंधीचे निर्णय मात्र प्रकृती स्थिरावेपर्यंत पुढे ढकलावेत.

राजीनाम्याविषयी विशेष सावधगिरी हवी. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने सेवेतून दूर करू नये वा पदावनत करू नये, असे २०१६ च्या अधिनियमाचे २० वे कलम सांगते. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेमण्याची तरतूदही तेथे आहे. निराशेच्या भरात स्वतः लिहून दिलेला राजीनामा हे संरक्षण गमावू शकतो.

सारांश, मनोविकाराच्या रजेतील अर्थव्यवहार हा केवळ आकड्यांचा हिशेब नव्हे. अर्जात कोणता शब्द लिहावयाचा, प्रमाणपत्रावर कोणता शब्द असू द्यावयाचा, आणि घरातील माणसाविषयी बोलताना कोणता शब्द उच्चारावयाचा, यांवर तो पुष्कळसा अवलंबून असतो. ‘आजारी’ म्हणताना मनात ‘अक्षम’ असे म्हणण्याची सवय सुटली, तर रुग्णास आपला आजार लपविण्याचे कारण उरणार नाही. आणि न लपविलेल्या आजारास रजा, विमा आणि कायदा यांचे साहाय्य मिळण्याचा मार्ग मोकळा राहील.