*फवारणीचा पाइप कडक का होतो? सोयाबीन तेलाचा काय संबंध?*



फवारणी झाली की एचटीपी पंपाचा पाइप बांधावर उन्हातच पडून राहतो. दोन-तीन हंगामांत तो काठीसारखा कडक होतो, वाकवला की चिरतो. चालू पंपात फुटला तर औषध थेट अंगावर, डोळ्यांत. म्हणून हे नीट समजून घेऊ.

*मऊपणा येतो कुठून?*
पीव्हीसी मुळात कडकच असतं, आपल्या पाइपलाइनसारखं. मऊ करायला त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ पाइपाच्या वजनात साधारण पाव हिस्सा त्याचाच असतो. बहुतेक प्लास्टिसायझर खनिज तेलापासून बनतात, पण काही वनस्पती तेलातल्या फॅटी ॲसिडपासूनही बनतात.

त्यातलं मुख्य म्हणजे *इपॉक्सी सोयाबीन तेल*. सोयाबीन तेलावर हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करून ते तयार करतात. ते पीव्हीसीला मऊ करतं, शिवाय उष्णतेने पीव्हीसीतून सुटणारं आम्लही शोषून घेतं. त्यामुळे प्लास्टिक जास्त टिकतं. काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाआतल्या मऊ चकतीतही ते वापरतात.

*मग पाइप कडक का होतो?*
प्लास्टिसायझर प्लास्टिकमध्ये नुसता मिसळलेला असतो, पक्का जोडलेला नसतो. उन्हात तो हळूहळू निघून जातो. डिझेल आणि ईसी औषधांमधलं सॉल्व्हंट तर त्याला ओढूनच घेतं.

*काय करायचं?*
1. फवारणीनंतर दोन-तीन मिनिटं साधं पाणी पाइपातून सोडा. ते पाणी विहिरीत, नाल्यात जाऊ देऊ नका.
2. पाइप गुंडाळून सावलीत ठेवा, डिझेलच्या कॅनपासून लांब.
3. हंगामाआधी पूर्ण पाइप वाकवून बघा. चीर किंवा फुगवटा दिसला तर बदला. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका.
4. दूध किंवा खाद्यतेल साध्या पाइपातून नेऊ नका. स्निग्ध पदार्थात प्लास्टिसायझर उतरतो. त्यासाठी फूड ग्रेड पाइपच घ्या.
5. जुना पाइप जाळू नका, धूर विषारी असतो. भंगारात द्या.

ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात, त्यांच्यात हा प्लास्टिसायझर नसतो.

पाइपाबद्दल शंका असेल तर फोटो काढून याच नंबरवर पाठवा.

– आपला कृषी सल्लागार