स्पॅनिशमधील समतुलना : ‘तान’, ‘तान्तो’ आणि ‘कोमो’

दोन वस्तू सारख्या आहेत असे म्हणताना आपण नेमके काय सारखे ठरवतो? गुणाची मात्रा, वस्तूंची संख्या, की केवळ त्यांचे रूप? स्पॅनिश भाषा या तीन गोष्टी तीन निराळ्या रचनांनी व्यक्त करते. स्पॅनिश साहित्य मराठीत पुष्कळदा इंग्रजीच्या द्वारे येते. त्या प्रवासात हा भेद पुसट होण्याचा संभव असल्यामुळे तो मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

गुणाची मात्रा सांगावयाची असता विशेषणापूर्वी किंवा क्रियाविशेषणापूर्वी ‘तान’ आणि नंतर ‘कोमो’ येते. ‘मारिया एस तान आल्ता कोमो आना’, म्हणजे मारिया आनाइतकी उंच आहे. येथे ‘आल्ता’ हे विशेषण स्त्रीलिंगी झाले. ‘तान’ मात्र अविकारीच राहिले. मराठी वाचक अडखळतो तो येथेच, कारण आपला ‘इतका’ विशेषणापूर्वीही ‘इतकी’, ‘इतके’ असा बदलतो. या वाक्यात नकार घातला, तर मारिया आनापेक्षा ठेंगणी ठरते. ती अधिक उंच असावी असा अर्थ सहसा निघत नाही. ‘आनाइतकी उंच नाही’ या मराठी वाक्याची गतीही अशीच आहे.

नामाशी संबंध आला की ‘तान’ची जागा ‘तान्तो’ घेतो, आणि तो नामाच्या लिंगवचनाप्रमाणे ‘तान्ता’, ‘तान्तोस’, ‘तान्तास’ अशी रूपे धारण करतो. ‘तान’ हे या ‘तान्तो’चेच आखूड झालेले रूप होय, त्याचे मूळ लॅटिन ‘तान्तुस’मध्ये आहे. लॅटिनमध्ये ‘तान्तुस’चा जोडीदार ‘क्वान्तुस’ होता. आपली ‘तितका–जितका’ ही जोडी त्याच घडणीची आहे. स्पॅनिशमध्ये हा जोडीदार ‘क्वान्तो’ या रूपाने टिकून आहे. परंतु साध्या समतुलनेत त्याची जागा ‘कोमो’ने, म्हणजे मुळात ‘कशा रीतीने’ अशा अर्थाच्या शब्दाने, घेतली आहे.

या विकाराचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘तान्तोस पोएतास कोमो क्रीतिकोस’ म्हणजे जितके टीकाकार तितकेच कवी. परंतु ‘तान्तो पोएतास कोमो क्रीतिकोस’ म्हणजे कवी आणि टीकाकार दोघेही; येथे संख्येचा प्रश्नच नाही. एका अंत्य सकाराने तुलनेचे वाक्य समुच्चयाचे होते. सभेचा वृत्तान्त अनुवादित करणाऱ्याने हा सकार गाळला, तर दोन्ही वर्ग उपस्थित होते एवढेच उरते. त्यांची संख्या समसमान होती, हे विधान नाहीसे होते.

‘कोमो’ एकटाच आला की मापाची भाषा संपते आणि उपमेची सुरू होते. ‘ब्लांका कोमो ला न्येवे’ म्हणजे बर्फासारखी शुभ्र. ‘तान ब्लांका कोमो ला न्येवे’ म्हणजे बर्फाइतकी शुभ्र. पहिल्यात साम्य आहे, दुसऱ्यात मात्रेचा दावा आहे, आणि म्हणून अतिशयोक्तीचा रंगही आहे. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिल्या वाक्यातील ‘कोमो’ हा ‘इव’सारखा वाचक शब्द होय. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘ॲज… ॲज’ ही एकच चौकट येऊ शकते. मराठीजवळ मात्र ‘सारखा’ आणि ‘इतका’ असे दोन शब्द सिद्ध आहेत. मधल्या भाषेमुळे आपण आपलीच संपत्ती वापरावयाचे विसरतो.

शेवटी ‘के’ या अव्ययाची नोंद घेतली पाहिजे. ‘तान’नंतर ‘कोमो’ऐवजी ‘के’ आले, तर तुलना जाऊन परिणाम येतो : ‘मनोऱ्याइतका उंच’ याऐवजी ‘इतका उंच की ढगांना टेकावा’. उलट ‘इग्वाल’, म्हणजे ‘समान’, हा शब्द मात्र तुलनेसाठीच ‘के’ घेतो. म्हणून स्पॅनिश वाक्यात बरोबरी दिसताच अनुवादकाने पहिल्या शब्दावर न थांबता त्याचा जोडीदार कोणता, हे पाहावे. वाक्याचा अर्थ त्या जोडीत असतो.