आजीच्या अंदाजाचं माप

बालमित्रांनो, खाली एक पाककृती दिली आहे. नीट वाचा आणि सांगा, तुम्हाला ती करता येईल का?

"चिपटंभर ज्वारी घे. पाण्याचा हबका मार अन् उखळात कांड. पाखडून कोंडा काढ, चाळून पीठ काढ. राहिलेल्या कण्या आधणात सोड. आधण बसंल इतकं ठेव. मीठ अंदाजानं टाक. मग जाळ कमी कर अन् निखाऱ्यावर शिजू दे."

अडलं ना घोडं? चिपटं म्हणजे किती? "बसंल इतकं" म्हणजे नेमकं किती? आणि घरात गॅस असताना निखारे आणायचे कुठून?

पण ही पाककृती चुकीची नाही बरं का! साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्या भोकरदन तालुक्यात, नव्हे साऱ्या मराठवाड्यात, आजी नातीला आणि सासू सुनेला स्वयंपाक असाच सांगायची. ऐकणारी रोज चुलीपाशी बसलेली असायची. तिला सगळं कळायचं. आज तुम्हाला-आम्हाला कळत नाही, कारण माप बदललं, चूल बदलली आणि ज्वारीसुद्धा बदलली. तेव्हा आज आपण त्या काळातले दोन पदार्थ आजच्या स्वयंपाकघरात करून पाहू. त्यासाठी आधी थोडी गुप्तहेरगिरी करावी लागेल. तयार आहात ना?

पुस्तकात नाही, डोक्यात

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्नधान्याची टंचाई झाली. लोणी, साखर, मांस सगळं रेशनवर मिळायचं. हे रेशन १९५४ सालापर्यंत चाललं. थोडक्या सामानात काय शिजवावं हे सांगायला तिथल्या सरकारनं पत्रकं छापून वाटली. बटाटे, गाजर, फ्लॉवर असल्या भाज्यांची एक 'वूल्टन पाय' तर अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावानंच ओळखली गेली. छापील कागद राहिले, म्हणून आजही तिथली मुलं तो पदार्थ जशाच्या तसा करून पाहू शकतात.

मराठीतही पाककृतींची पुस्तकं होती. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि घरोघरी पोचलं. त्याची खुबी कशात होती, माहीत आहे? वाटी आणि चमच्याच्या मापात. घरात तराजू नसला तरी वाटी-चमचा असतोच. त्यामुळे नव्यानं स्वयंपाक शिकणाऱ्यालाही तो जमू लागला.

पण पुस्तक वाचायला अक्षरओळख हवी. १९५१ च्या जनगणनेत भारतातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम ९ जणींना लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे ज्या बाया रोज शेंगोळे, कण्या, आंबील, येसर करत होत्या, त्यांतल्या बहुतेकींना आपली कृती कागदावर उतरवताच आली नसती. त्यांचं पुस्तक त्यांच्या डोक्यात आणि हातात होतं. १९५५ साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती, ती आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. हे पुस्तक मिटण्याआधी वाचायला हवं, आणि ते काम तुम्ही करू शकता.

शेर गेला, किलो आला

आता पहिलं कोडं सोडवू. जुन्या काळी धान्य तोलण्यापेक्षा मापानं मोजत. त्याचं कोष्टक तेव्हाच्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ असे:

२ निळवी = १ कोळवं
२ कोळवी = १ चिपटं
२ चिपटी = १ मापटं
२ मापटी = १ शेर
४ शेर = १ पायली

म्हणजे चिपटं हे पाव शेराचं माप. त्याचा आकार गावोगावी थोडा वेगळा असायचा. तुमच्या घरात माळ्यावर एखादं जुनं पितळी किंवा लोखंडी माप पडलेलं असेल, तर त्यात ज्वारी भरा आणि ती किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहा. तुमच्या घरच्या चिपट्याचं वजन तुम्हाला कळेल.

तोलून घ्यायच्या वस्तूंचा शेर वेगळा होता. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा चौथा भाग पावशेर, म्हणजे २३३ ग्रॅम. आठवा भाग नवटाक, म्हणजे ११७ ग्रॅम. सोळावा भाग छटाक, म्हणजे ५८ ग्रॅम. आजही भाजीबाजारात कुणी "पावशेर दे" म्हणतं आणि विकणारा २५० ग्रॅम तोलतो. शेर गेला तरी त्याचं नाव मागं राहिलं!

हा बदल झाला कधी? मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. १९५८ पासून किलो-ग्रॅम हळूहळू बाजारात उतरले आणि १ एप्रिल १९६२ पासून तीच वजनं सक्तीची झाली. तुमच्या पणजीला तर एका मागून एक किती बदल पचवावे लागले पाहा! १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राज्य बदललं, नाणी बदलली, वजनं बदलली. चुलीवरची भाकरी मात्र तीच राहिली.

मूठ कशी मोजायची?

दुसरं कोडं अवघड आहे. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही मापं प्रत्येकाच्या हाताची. आमच्या वर्गात एकदा आम्ही मुठीचं गणित केलं. प्रत्येकानं मूठभर ज्वारी वाटीत टाकायची आणि चमच्यानं मोजायची. सर्वांत मोठी मूठ सर्वांत लहान मुठीच्या जवळजवळ दुप्पट भरली! म्हणून आजीनं "मूठभर" म्हटलं की ती आजीचीच मूठ धरायची, आपली नाही.

याला एक सोपी युक्ती आहे. आजीला विचारू नका, आजीला करू द्या. ती पीठ घेईल तेव्हा खाली रिकामी वाटी धरा. "आज्जी, आधी यात टाक!" मीठ टाकेल तेव्हा चमचा पुढं करा. पाणी ओतण्याआधी ते तांब्यात मोजून ठेवा आणि किती उरलं ते पाहा. आजी हसेल, "काय खुळ लागलं बाई या लेकराला!" असंही म्हणेल. म्हणू द्या. तिच्या हाताला जो अंदाज साठ वर्षांत आला, तो तुमच्या वहीत अर्ध्या तासात उतरेल.

करून पाहा : ज्वारीच्या कण्या

(गॅस, मिक्सर आणि कुकर मोठ्या माणसांच्या मदतीनंच वापरायचा. हा नियम पक्का!)

ज्वारी शाळू किंवा मालदांडी घ्या. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि 'हायब्रीड' हा शब्द घराघरांत पोचला. तिनं पीक भरघोस दिलं, पण चवीच्या बाबतीत आज्या अजून शाळूचंच नाव काढतात.

दोन वाट्या ज्वारीला पाण्याचा हबका मारून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. एकदम फिरवाल तर पीठच होईल! सुपात पाखडून कोंडा काढा आणि चाळणीनं पीठ वेगळं करा. रव्यापेक्षा जाड उरतात त्या कण्या. पीठ भाकरीला आणि कोंडा गुरांना, वाया काहीच जात नाही.

एक वाटी कण्या तासभर भिजवा. पाच वाट्या पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या होऊ द्या. कुकर आपोआप गार झाला की मगच उघडा. निखाऱ्यावर जे काम बराच वेळ चालायचं, ते असं झटपट होतं. वाढताना वर ताक घाला, तोंडी लावायला लसणाची चटणी. गोड हवं असेल तर दूध-गूळ.

वाटीभर कण्यांनी पातेलं कसं भरलं? ज्वारीतले पिठूळ कण गरम पाणी पिऊन फुगतात. मूठभर धान्य कमी पडेल अशी वेळ यायची, तेव्हा ते घरातल्या साऱ्यांना पुरवायची ही युक्ती होती.

करून पाहा : हुलग्याचे शेंगोळे

हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. थोड्या पावसावर, हलक्या रानातही तो येतो, म्हणून कोरडवाहू भागात त्याला मान.

दोन वाट्या हुलग्याचं पीठ आणि पाव वाटी गव्हाचं पीठ घ्या. आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि चार हिरव्या मिरच्या वाटून त्यात घाला. हळद, मीठ, कोथिंबीर घालून घट्ट मळा. गव्हाचं पीठ कशाला? हुलग्याचं पीठ नुसतं असेल तर वळताना तुटतं. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, ते पीठ बांधून धरतं.

तळहाताला तेल लावून पिठाच्या जाडसर दोऱ्या वळा आणि टोकं जोडून कडी करा. हे काम मुलांचंच! पातेल्यात लसूण-जिऱ्याची फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळा. खळखळ उकळी आली की एक-एक शेंगोळं सोडा. पाणी गार असेल तर शेंगोळे विरघळतात. वीस मिनिटं शिजवा. लिंबाएवढं पीठ पाण्यात कालवून शेवटी घातलं की रस्सा दाट होतो.

मिरची आमच्या पिंपळगाव रेणुकाईची असेल तर चारच्या दोन करा! इथल्या बाजारातून मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. गंमत म्हणजे मिरची मुळात आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. त्याआधी तिखटाला मिरी होती. म्हणजे आजीच्या आधीच्या आज्यांनीही जुन्या पदार्थात नवं सामान घातलंच होतं. मग आपण कुकर वापरला म्हणून काय बिघडलं?

"ते गरिबीतलं खाणं!"

तुम्ही कण्यांचं नाव काढलं तर एखादी आजी तोंड फिरवेल. "ते काय खायाचं, गरिबीतलं! पोळ्या खा की." तिला हट्ट करू नका. तिच्या मनात काय आहे ते समजून घ्या.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. शेतं करपली. खडी फोडायला, तलाव खोदायला माणसं दुष्काळी कामांवर गेली. तिथं सुकडी वाटली जायची. रेशनवर मिलो नावाची अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी अनेकांच्या घशाखाली उतरेना, पण पोटासाठी खावी लागली. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना कण्या म्हटलं की कण्याच आठवतात असं नाही. उपाशी झोपलेलं लेकरूही आठवतं.

शिवाय त्या पदार्थामागं कष्ट किती! पहाटे अंधारात उठून जात्यावर बसायचं, धुरात डोळे चोळत फुंकणी मारायची. जात्यावरच्या ओव्या गोड आहेत खऱ्या, पण दळणाऱ्या हाताला घट्टे पडायचे. ते कष्ट परत आणायचे नाहीत. मिक्सर आणि गॅस हवाच.

आता २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्वारी-बाजरीला शहरात मान आला. जे खाणं सांगायला आजी लाजायची, ते आता हॉटेलात मिळतं. हे आजीला जरूर सांगा. तुम्ही स्वतः केलेल्या कण्या तिच्यापुढं ठेवून सांगितलंत, तर कदाचित ती बोलू लागेल. पहिल्या घासाला ती चूकही काढेल, "पाणी कमी पडलं बघ." ती चूक लगेच वहीत लिहून घ्या. आजीच्या पाककृतीतली खरी माहिती तीच असते.

वहीत काय लिहाल?

१. पदार्थाचं घरातलं नाव. (आईच्या माहेरी वेगळं असेल तर तेही.)
२. वाटी-चमच्यात मोजलेलं सामान.
३. तो कुणी शिकवला, कोणत्या गावात?
४. तो कधी करत? सणाला, आजारपणात, की धान्य संपत आल्यावर?
५. तुम्ही काय बदललं आणि चाखून आजी काय म्हणाली?

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी पसारा केला तर रागावू नका. मुलगे आणि मुली दोघांनाही हे करू द्या. पहिल्या खेपेला निम्म्याच मापानं करा, म्हणजे बिघडलं तरी धान्य वाया जाणार नाही. घरात आजी नसेल तर शेजारच्या आजीकडे पाठवा. तिलाही कुणीतरी विचारायला आलेलं हवंच असतं.

जाता जाता एक गणित

एका आजीकडे दोन पायल्या ज्वारी होती. रोज एक चिपटं ज्वारीच्या कण्या केल्या, तर ती ज्वारी किती दिवस पुरेल? कोष्टक वर दिलंच आहे. उत्तर आधी स्वतः काढा, मग आजीला विचारा. ती तोंडी सांगेल, पैज लावा!