स्नायूंची शिल्लक

कोल्हापुरातील एका जुन्या तालमीत मी पहाटे साडेपाचच्या सुमारास गेलो, तेव्हा हौद्यातील माती नुकतीच उकरून झाली होती, तीत मुरलेल्या ताकाचा, तेलाचा आणि हळदीचा मिश्र वास दाराशीच येत होता, आणि ओट्याच्या कोपऱ्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक मल्ल रात्रभर भिजविलेले बदाम सोलून दगडी कुंडीत घोटीत बसला होता. घोटता घोटताच त्याने मागच्या कोनाड्यातून एक काळा डबा काढला, आतील चिमुकल्या चमच्याने पांढरीशुभ्र भुकटी सपाट मापून पेलाभर पाण्यात ढवळली, आणि तळाशी न विरघळता राहिलेले कण बोटाने पुन्हा ढवळून पेला एका दमात रिकामा केला. वस्ताद हे सारे पाहत उभे होते. "ह्ये नेमकं काय हाय, सर? पोराला द्यावं का न्हाई?" असे त्यांनी मला विचारले. त्या वेळी मी जे दोन शब्द बोललो ते त्यांच्या प्रश्नाच्या योग्यतेचे नव्हते. म्हणून तेच उत्तर येथे विस्ताराने देत आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मेहनतीला खुराकाची जोड द्यावी हा विचार परदेशातून डब्यात भरून आलेला नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई यांची तजवीज केल्यावाचून आपल्याकडे कोणी पोराला तालमीत घातले नाही, आणि ज्या घराला ती परवडत नसे त्या घरच्या मुलाचा खुराक कित्येकदा साऱ्या गावाने उचलला. तेव्हा भुकटी नवी आहे एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही, आणि बदाम जुना आहे एवढ्यावरून तो सर्वगुणसंपन्नही ठरत नाही. स्नायूला काय लागते, किती लागते आणि केव्हा लागते, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्या डब्यातील पदार्थाचे नाव क्रिएटिन. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये तो मांसरसातून वेगळा काढला, आणि मांसाला असलेल्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नामकरण केले. पुढे १८४७ मध्ये लीबिग या जर्मन पंडिताने असे नोंदविले की, रानात धावताना शिकार झालेल्या कोल्ह्यांच्या मांसात हे द्रव्य बंदिस्त ठेवलेल्या कोल्ह्यांच्या मानाने सुमारे दहापट आढळते. श्रमाशी याचा काही संबंध असावा हा तर्क तेथूनच सुरू झाला; परंतु तो संबंध कोणता, हे कळण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली, आणि तो उलगडणाऱ्यांत मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेला एक भारतीय होता, ही गोष्ट आपल्या व्यायामशाळांतून फारशी कोणाला ठाऊक नसावी याची मला मनापासून खंत वाटते.

येल्लाप्रगड सुब्बाराव हे त्यांचे नाव. अमेरिकेतील हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करीत असता त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत सिद्ध केली: अर्कात आम्ल आणि मॉलिब्डेट घालावे, नंतर एक क्षपणकारक द्रव्य घालावे, म्हणजे परीक्षानळीत निळा रंग उमटतो, आणि तो जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. पद्धत इतकी सुटसुटीत की पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. मात्र स्नायूच्या अर्कावर ती चालवून पाहताच एक विलक्षण अडचण पुढे आली. इतर अर्कांत चटकन स्थिरावणारा तो निळा रंग येथे रेंगाळत होता. प्रथम फिकट दिसावा आणि मग मिनिटामिनिटाला गडद होत जावा, असे चालले होते. अशा वेळी हात चुकला असे समजून प्रयोग टाकून देणारे पुष्कळ असतात. या दोघांनी तो विलंब हीच मुख्य बातमी मानली आणि अनुमान बांधले की, स्नायूत फॉस्फरस धरून ठेवणारे एक नाजूक संयुग असले पाहिजे, ते आम्लात हळूहळू फुटत असले पाहिजे, आणि फुटेल तसतसा रंग चढत असला पाहिजे. ते संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, आणि ते साल १९२७. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही स्वतंत्रपणे त्याच द्रव्यापर्यंत पोहोचले होते. स्नायूला विजेचे झटके देऊन राबविले की हे द्रव्य घटते आणि विश्रांती दिली की पुन्हा भरून येते, हेही त्या काळीच दिसून आले.

या भरून येण्यातच सगळे मर्म आहे. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नामक द्रव्याच्या बळावर, आणि तेही फिस्क-सुब्बाराव यांना हार्वर्डमध्ये व कार्ल लोहमान यांना जर्मनीत १९२९ मध्ये, परस्परनिरपेक्ष, सापडले. परंतु स्नायूतील एटीपीची रोकड इतकी अल्प असते की जिवाच्या आकांताने जोर लावल्यास ती दोन-तीन सेकंदांत सरावी. ती सरू नये म्हणून फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट तत्काळ देऊन टाकते आणि खर्ची पडलेले एटीपी जागच्या जागी पुन्हा उभे करते. ही शिल्लकही सुमारे दहा सेकंदांची. त्यापुढे शर्करेचे ज्वलन आणि श्वासातील प्राणवायू यांच्यावरच भिस्त. पट काढणे, धोबीपछाड मारणे, शंभर मीटर धावणे किंवा वजन डोक्यावर नेणे हे सर्व याच दहा सेकंदांच्या हिशेबातले व्यवहार आहेत.

खर्च झालेल्या या शिलकीचा सुमारे अर्धा भाग विश्रांतीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात परत जमा होतो आणि बहुतेक भरणा तीन ते पाच मिनिटांत पुरा होतो. आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्ध्या मिनिटाचीच फुरसत असते, हे येथे ध्यानात घ्यावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक; त्या स्पर्धेची अशी हकिगत सांगितली जाते की, एक प्रदीर्घ लढत आटोपते न आटोपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्ह याच्यापुढे उभे राहावे लागले, आणि नियमाने मिळावयाच्या विश्रांतीसाठी तक्रार गुदरावयास तेथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. ही हकिगत वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो रेंगाळणारा निळा रंग उभा राहतो. विसावा हा मल्लाचा हक्क आहे.

आता वस्तादांच्या प्रश्नाकडे वळू. साधारण सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या देहात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते, त्यातील पंचाण्णव टक्के स्नायूंत. त्यातून रोज सुमारे दोन ग्रॅम झिजून मूत्रावाटे जाते; ही तूट काही अंशी शरीर स्वतः भरून काढते आणि काही अंशी मांस-मासळी भरते. दूध-भाजीवर वाढलेल्या शाकाहारी खेळाडूची मूळ शिल्लक कमी असते, म्हणून त्याला भुकटीचा लाभ बहुधा अधिक जाणवतो. बाहेरून दिलेले क्रिएटिन स्नायूत खरोखर साठते, हे रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. रोज तीन ग्रॅम घेतले तर सुमारे महिन्याभरात भांडार भरते. त्यापुढे कितीही ओतले तरी ते वाहून जाते. लाभ होतो तो थोडक्या वेळाच्या, पुन्हापुन्हा कराव्या लागणाऱ्या, पूर्ण ताकदीच्या कामात, आणि तोही बेताचाच: जेथे आठ जोर निघत तेथे नववा निघावा, आणि असा नववा जोर महिनोन्महिने निघत राहिल्याने बळ वाढावे. जो मेहनत करीत नाही त्याच्या देहात ही भुकटी केवळ पाणी धरून ठेवते.

ते पाणी दुर्लक्षून चालणार नाही. पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलोने वाढू शकते, आणि वजनगटात लढणाऱ्या मल्लाला ते किती महाग पडेल हे निराळे सांगावयास नको. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट यांना अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमच्या वाढीपायी अपात्र ठरविले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. दुसरी गोष्ट रक्ततपासणीची. क्रिएटिन झिजून क्रिएटिनिन होते, आणि मूत्रपिंडाची परीक्षा त्याच क्रिएटिनिनवरून केली जाते. तेव्हा भुकटी घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड धडधाकट असतानाही किंचित वर दिसू शकतो. डॉक्टरांना हे आधीच सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र त्यांच्या सल्ल्यावाचून या डब्याला हात लावू नये.

उरलेल्या डब्यांविषयी थोडक्यात. व्हे म्हणजे दूध नासल्यावर उरणाऱ्या पाण्यातील प्रथिन. ते उत्तम आहे, पण ते अन्नच आहे. ताकदीची मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन पुरते, म्हणजे सत्तर किलोच्या पोराला एकशे दहा-बारा ग्रॅम. लिटरभर दुधात त्यातले तीसबत्तीस येते, चार अंड्यांत चोवीस, बाकीचे डाळ, उसळ, पनीर, मांस यांतून जुळविता येते. कॉफीतील कॅफीन थकव्याची जाणीव मागे ढकलते हे निर्विवाद आहे, मात्र ते झोप मोडते, आणि स्नायूची खरी डागडुजी झोपेतच होते. अमिनो आम्लांच्या रंगीत डब्यांवरचा खर्च, पोटभर प्रथिन खाणाऱ्याच्या बाबतीत, मला व्यर्थ वाटतो. आणि मेहनतीचा शीण लवकर जावा म्हणून मूठभर जीवनसत्त्वे गिळणाऱ्यांसाठी २००९ मधील एका जर्मन प्रयोगाचा दाखला पुरेसा आहे: रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई घेऊन चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांत व्यायामाने इन्शुलिनच्या कार्यात व्हावयाची सुधारणाच दिसेनाशी झाली. श्रमाने स्नायूत जी झीज होते तीच पुढील बळाची मागणी नोंदविते. ती नोंदच पुसून टाकली तर पुरवठा कोण करणार?

सर्वांत गंभीर बाब शेवटी सांगतो. कोलोनच्या डोपिंग प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये तेरा देशांतील बाजारांतून ६३४ पूरके विकत घेऊन तपासली, तेव्हा त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ दर सातांत एकामध्ये, वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टिरॉइडवर्गीय द्रव्ये निघाली. उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूच्या देहात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते; "मला ठाऊक नव्हते" या कैफियतीने शिक्षा फार तर सौम्य होते, दोष टळत नाही, आणि पोराच्या उमेदीची दोन-चार वर्षे बुडतात ती कोणीही परत देऊ शकत नाही.

म्हणून त्या वस्तादांना, आणि मुलांना आखाड्यात वा मैदानात पाठविणाऱ्या प्रत्येक आईबापाला, माझी विनंती एवढीच आहे. दोन वेळचे जेवण, दूध आणि आठ तासांची झोप यांची व्यवस्था आधी करा. पोरगा सज्ञान असेल, निरोगी असेल आणि मेहनतीत खंड पाडीत नसेल, तर तीन ग्रॅम क्रिएटिनला माझी हरकत नाही. पण डब्यावर त्या एकाच द्रव्याचे नाव असावे, तो खेळाडूंसाठी स्वतंत्रपणे तपासलेल्या मालाचा असावा, पावती व गठ्ठा क्रमांक वहीत टिपलेला असावा, आणि सुरुवात स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी व्हावी. ज्या डब्यावर द्रव्यांचे प्रमाण न लिहिता "गुप्त मिश्रण" एवढेच छापले असेल, तो दुकानदाराला त्याच दिवशी परत करा.